रात्री कॅमेरा आपोआप फिरतो, खोलीत आवाज येतो, पासवर्ड बदलला तरी परत तेच: आमच्या घरी काय सापडलं

ही अडचण कुणाच्या घरी सुरू असेल तर सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा: तो कॅमेरा कुणाच्या खात्यावर नोंदलेला आहे. वायफायचा पासवर्ड नंतर बदला, रिसेट नंतर मारा. आम्ही हे सगळ्यात शेवटी बघितलं आणि त्यात साडेतीन महिने गेले. तेवढे दिवस माझी आई त्या खोलीत रोज रात्री एकटी होती. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घर कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं, जुनं, दुमजली. आईचं वय ७४. मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे, तिसरी पाळी असली की रात्रभर बाहेर. बायको आणि मुलगा वरच्या मजल्यावर झोपतात. आई रात्री उठताना पडली तर कळावं म्हणून तिच्या खोलीत कपाटावर फिरता कॅमेरा बसवला. चारही बाजूंना फिरणारा, अंधारात दिसणारा, फोनवरून बोललं की खोलीत ऐकू जाणारा. दुकानातला माणूस आला, दहा मिनिटांत लावून दिला, माझ्या आणि बायकोच्या फोनवर ॲप टाकून दिलं, पैसे घेऊन गेला. चांगलं काम झालं असंच वाटलं.

मेच्या मध्यावर आई पहिल्यांदा म्हणाली, "कपाटावरचं ते रात्रीचं फिरतंय रे. माझ्याकडं बघतंय." मी म्हणालो, त्याचं कामच ते आहे. जूनमध्ये म्हणाली, "कुणीतरी आज्जी म्हणून हाक मारतंय." मी म्हणालो, स्वप्न पडलं असेल. ती म्हणाली, "मी जागी होतो. झोपेत नव्हतो."

आम्ही तिला डॉक्टरांकडं नेलं. मोठ्या ऑपरेशननंतर या वयात काही दिवस भास होऊ शकतात, हे खरंच आहे, आणि डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी दिली. शेजारच्या काकी म्हणाल्या, वाडीला घेऊन जा. नृसिंहवाडीलाही नेलं. घाटावर बसून तिला बरं वाटलं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण घरी परतल्यावर तिसऱ्याच रात्री पुन्हा तेच. आई पदर तोंडावर घेऊन झोपायला लागली. कपडे बदलायला काठी टेकत न्हाणीघरात जायची, खोलीत बदलायची नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला त्याचा अर्थ लागला नाही. मुलानं नुकताच एक भीतीचा सिनेमा बघितला होता, त्यात घरातलं यंत्रच घरच्यांवर उलटतं. तो आज्जीच्या खोलीत जायलाच तयार होईना. बायको आणि मी एकमेकांवर चिडायला लागलो, कारण दोघांच्याही फोनवर ॲप होतं आणि दोघांनाही वाटायचं की दुसराच रात्री कॅमेरा फिरवतोय.

शेवटी मी फाउंड्रीत जे करतो तेच केलं. मशीन कधी चालतं, कधी बंद पडतं आणि कारण सापडत नाही, तेव्हा आम्ही ब्रेकडाउन रजिस्टर ठेवतो. तारीख, वेळ, काय झालं, त्या वेळी आजूबाजूला काय चालू होतं. मत लिहायचं नाही, दिसलं तेवढंच लिहायचं. एक दोनशे पानी वही आईच्या उशाशी ठेवली, पेन दोऱ्यानं बांधलं आणि तिला म्हणालो, दिसेल ते, ऐकू येईल ते लिही. आपल्यावर विश्वास ठेवलाय हे बघून तिला जे वाटलं ते मी इथं लिहू शकत नाही.

पाच आठवड्यांत जवळपास साठ नोंदी झाल्या. त्या वेगळ्या करायला घेतल्यावर कळलं की आम्ही ज्याला एकच त्रास समजत होतो ते चार वेगवेगळे त्रास आहेत. त्यातले तीन निरुपद्रवी होते, आणि चौथा त्यांच्या आड लपला होता.

पहिला: कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरतो, वर जातो, खाली येतो आणि परत जागेवर थांबतो. अशा प्रत्येक नोंदीपुढं आईनं "लाईट जाऊन आली" असं लिहिलं होतं. पावसाळ्यात आमच्याकडं रात्रीत दोन-तीनदा लाईट जाते. कारखान्यातलं संगणकावर चालणारं सीएनसी मशीन चालू केलं की आधी होम पोझिशनला, म्हणजे सुरुवातीच्या जागेला जातं, आपण कुठं आहोत ते शोधतं, तसंच फिरता कॅमेराही वीज आली की आपली दोन्ही टोकं तपासून घेतो. कधीकधी "कॅमेरा चालू झाला" असं बाईच्या आवाजात बोलतोही. काळोख्या खोलीत ७४ वर्षांच्या बाईला ते कसं वाटेल याचा विचार करा. उपाय सोपा आहे: ॲपमध्ये सूचनेचा आवाज बंद करा आणि कॅमेरा, राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या.

दुसरा: कॅमेरा अर्धवट वळतो, थरथरल्यासारखा इकडंतिकडं होतो. हे हालचालीचा माग घेणं. अंधारात बघण्यासाठी कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती इन्फ्रारेड दिवे असतात आणि पाऊस सुरू झाला की किडे, पतंग घरात येतात. भिंगाजवळून जाणारा पतंग कॅमेऱ्याला मोठ्या पांढऱ्या आकृतीसारखा दिसतो आणि तो त्याच्यामागं फिरतो. आमच्याकडं वर कोळ्याचं जाळंही होतं. फोनवर त्याचा हलणारा पांढरा पडदा दिसायचा, आणि मुलगा घाबरायचा तो त्यालाच. मऊ फडक्यानं पुसलं, ॲपमधला ऑटो ट्रॅकिंगचा पर्याय बंद केला. हे थांबलं.

तिसरा त्रास कॅमेऱ्याचा नव्हताच. पुण्याच्या ताईनं मुलाच्या वाढदिवसाला बोलणारा स्पीकर दिला होता, तो बाहेरच्या खोलीत आहे. संध्याकाळी मालिका सुरू असताना तो मधूनच काहीतरी बोलायचा. टीव्हीतला एखादा शब्द त्याला आपल्या नावासारखा ऐकू येतो आणि तो जागा होतो. २०१८ च्या मार्चमध्ये ॲमेझॉनच्या अलेक्सा स्पीकरचं असंच झालं होतं. लोकांच्या घरात तो कुणी न सांगता हसायला लागला. "अलेक्सा, हस" अशी आज्ञा दिल्याचं त्याला चुकून ऐकू येत होतं, म्हणून कंपनीला ते आज्ञेचे शब्दच बदलावे लागले. २०२० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी स्पीकरांसमोर टीव्हीवरचे कार्यक्रम तासन्‌तास लावून मोजलं, तर दिवसाला १९ वेळांपर्यंत ते चुकून जागे होत होते. रात्री झोपताना माइकचं बटण बंद करा. ते बटण स्पीकरवरच असतं, फोनमध्ये शोधू नका.

हे तीन बाजूला काढल्यावर चौदा नोंदी उरल्या. सगळ्या रात्री दीड ते तीनच्या मधल्या. लाईट गेलेली नाही, टीव्ही बंद, पतंग नाही. आणि आईनं एका नोंदीत असं काही लिहिलं होतं जे मी स्वतःही लिहिलं नसतं: "थांबत थांबत फिरतंय."

मशीनची चाल एका दमाची असते. वीज आल्यावर जागा शोधताना मोटर ठरलेल्या वेगानं जाते, आणि माग काढायला समोर काहीतरी हलावं लागतं. थांबत थांबत, थोडं पुढं, जास्त गेलं म्हणून थोडं मागं, अशी चाल माणसाच्या बोटाची असते. क्रेन चालवणारा नवीन माणूस बटण दाबतो-सोडतो, तेव्हा हूक तसाच जातो.

एका शनिवारी मी रजा घेतली. आईला वर झोपवलं आणि तिच्या अंथरुणावर तिच्यासारखाच भिंतीकडं तोंड करून, चादर डोक्यापर्यंत घेऊन पडलो. उशाला माझा फोन, आवाज टिपायला चालू. बायकोचा फोन बंद करून तिच्याच हातात दिला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी कपाटावर किर्र झालं. थांबलं. किर्र. परत थांबलं. मी चादरीच्या फटीतून बघत होतो. इन्फ्रारेडचे लालसर ठिपके दारावरून खिडकीकडं आले, खिडकीवरून पलंगाच्या पायाशी, तिथून हळूहळू वर. माझ्या तोंडाशी आले आणि थांबले. मी फाउंड्रीत लटकलेल्या सव्वाशे किलोच्या पार्टखाली उभा राहून काम केलेलं आहे, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती. मग आवाज आला, तरुण पोराचा, हळू, शेजारी कुणाला तरी सांगितल्यासारखा: "आज म्हातारी नाय वाटतं."

म्हणजे ते रोज बघत होते. आई कुठल्या कुशीवर झोपते हे त्यांना ठाऊक होतं.

मी उठून ॲडॉप्टर ओढला. ही माझी चूक झाली, थोडा वेळ थांबायला हवं होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी दुसऱ्या फोननं त्या फिरत्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ काढा. मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन कॅमेरा किती डेटा बाहेर पाठवतोय ते टिपा. कुणी थेट बघत असलं की तो आकडा सतत वाहतो, शांत असला की जवळपास थांबतो. कॅमेऱ्याच्या खालच्या स्टिकरचा, सीरियल नंबर दिसेल असा फोटो घ्या. त्यानंतर भिंगावर कापड टाका आणि वीज काढा. एवढ्यात रिसेट मारू नका, त्यानं पुरावा पुसला जाऊ शकतो. कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा बंद आहे म्हणजे कुणी बघत नाही, असंही समजू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये तो दिवा ॲपमधून बंद करता येतो.

आता मुख्य मुद्दा: परत परत का होत होतं?

जूनमध्ये मी वायफायचा पासवर्ड बदलला होता. आठवडाभर शांत होतं. पण पासवर्ड बदलल्यामुळं कॅमेरा बंद पडला म्हणून दुकानातल्या त्याच माणसाला बोलावलं, त्यानं परत जोडून दिला, आणि नवव्या दिवशी पुन्हा हाक. जुलैमध्ये माझ्या ॲपचा पासवर्ड बदलला. काहीच फरक नाही. नंतर पिन टोचून कॅमेरा रिसेट केला, पुन्हा जोडायला गेलो तर "हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे" असा संदेश आला. मला वाटलं दुसरं खातं म्हणजे बायकोचं. मी परत त्या माणसालाच फोन केला. तीन वेळा मी स्वतः दार उघडून दिलं.

खरी गोष्ट अशी होती. त्यानं कॅमेरा बसवताना स्वतःच्या खात्यावर नोंदवला होता आणि मला, बायकोला फक्त वापरायची वाटणी दिली होती. ॲपच्या भाषेत मालक तो, आम्ही पाहुणे. घराचं प्रॉपर्टी कार्ड आमच्या नावावर आणि कॅमेऱ्याचा सातबारा त्याच्या. त्याच्या त्या एकाच खात्यावर इतर गिऱ्हाइकांचेही कॅमेरे होते, आणि त्याचा पासवर्ड कामाला असलेल्या सगळ्या पोरांच्या फोनवर होता, काम सोडून गेलेल्यांच्याही. आम्ही आमच्या खात्याचे पासवर्ड बदलत राहिलो. त्या खात्याला आम्ही हातच लावू शकत नव्हतो. त्या माणसाच्या मनात वाईट काही होतं असं मला वाटत नाही, पटापट काम व्हावं म्हणून तो तसं करत होता. पण माझ्या आईच्या खोलीची किल्ली त्यानं वाटून टाकली होती.

ओळखायचं कसं? ॲपमध्ये त्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा आणि "शेअर" किंवा "शेअरिंग" शोधा. तो पर्याय दिसला आणि त्यात कुणाकुणाला परवानगी आहे ती यादी उघडली, तर तुम्ही मालक आहात. त्या यादीतलं प्रत्येक नाव वाचा. पर्यायच नसेल किंवा कॅमेऱ्याच्या नावाशेजारी "शेअर केलेलं" अशी खूण असेल, तर मालक दुसरा कुणीतरी आहे. ॲप वेगळं असेल तर शब्द बदलतील, पण एवढा फरक बहुतेक ॲपमध्ये दिसतो. एका मिनिटाचं काम आहे.

मालक दुसरा निघाला तर त्याला घरी बोलवा आणि तुमच्या समोर, त्याच्या फोनवरून, तो कॅमेरा त्याच्या खात्यातून काढायला लावा. बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत जुन्या मालकानं काढल्याशिवाय नुसत्या रिसेटनं नातं तुटत नाही, आणि आमचं घोडं तिथंच अडलं होतं. तो तयार नसेल तर बिल आणि सीरियल नंबर देऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडून खातं तोडून घ्या. त्यानंतर रिसेट, आतलं मेमरी कार्ड फॉरमॅट, आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या खात्यावर नोंदणी. क्यूआर कोड तुम्हीच दाखवा, दुसऱ्याच्या हातात फोन देऊ नका. पासवर्ड दुसरीकडं कुठंही न वापरलेला हवा, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, म्हणजे नव्या फोनवरून कुणी शिरायला गेलं तर त्याला तुमच्याकडं आलेला कोड विचारला जाईल.

यादी स्वच्छ असूनही त्रास होत असेल तर बहुधा तुमचा पासवर्डच बाहेर गेलेला असेल. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी राज्यात आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीतल्या रिंग कंपनीच्या कॅमेऱ्यातून एक माणूस तिच्याशी बोलला, मी सांताक्लॉज आहे म्हणाला. त्या सुमाराच्या अशा प्रकारांबद्दल कंपनीचं म्हणणं होतं की लोकांनी दुसऱ्या ठिकाणी वापरलेले, चोरीला गेलेले पासवर्ड तिथं चालवून बघितले गेले. पुढं २०२३ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेनं, फेडरल ट्रेड कमिशननं, सुरक्षेतल्या ढिलाईबद्दल कंपनीवर कारवाई केली. म्हणजे दोष फक्त घरच्यांच्या डोक्यावर मारता येत नाही, पण दार आपल्या बाजूनं लावणं आपल्या हातात आहे.

राउटरचंही बघा. बसवताना जो पासवर्ड असतो तोच राहिला असेल तर बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वायफायला जोडायची सोय) आणि यूपीएनपी (उपकरणांना राउटरमधून आपोआप बाहेरची वाट उघडू देणारी सोय) बंद करा, आणि जमलं तर कॅमेरे पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर टाका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावूनच. आपल्याकडं ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सुरक्षा चाचणी सरकारनं सक्तीची केली आहे आणि ते चांगलंच झालं. पण तपासून आलेला कॅमेराही शेवटी कुणाच्या खात्यावर जोडला जातो, हे बघायला घरात कुणी येत नाही.

आणि ज्या घरात बाईला पूर्वीच्या नवऱ्याचा किंवा कुठल्या नातेवाइकाचा त्रास झालेला आहे, तिथं मालकाचं नाव फार जपून बघा. घरातल्या फोनवरून नाही, मैत्रिणीच्या किंवा बहिणीच्या फोनवरून चौकशी करा. तुम्ही शोधताय हे समोरच्याला कळलं तर तो आणखी बिथरू शकतो.

तक्रार कुठं करायची ते सांगतो. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते, किंवा सरळ सायबर पोलीस ठाण्यात जा. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "कुठं पोलिसांच्या भानगडीत पडता" असं आम्हाला चार जणांनी सांगितलं. आम्ही पडलो. त्या खात्यावर आणखी कुणाच्या आया, कुणाच्या मुली दिसत असतील, हे डोक्यातून जात नव्हतं.

आईच्या खोलीत आता कॅमेरा नाही. उमा टॉकीजजवळच्या दुकानातून बिनतारी बेल आणली, बटण तिच्या पलंगाच्या दांडीला बांधलंय आणि घंटा वर आमच्या उशाशी. पडली तर बटणापर्यंत हात पोचावा म्हणून जमिनीलगत भिंतीवर दुसरं बटण चिकटवलंय. दार आणि जिना एवढ्यावरच कॅमेरा ठेवलाय, माझ्या नावानं.

जबाबाच्या दिवशी साहेबांनी वही मागितली. मी म्हणालो, वही जुलैपासूनची आहे, त्याआधीच्या रात्रींची नोंद नाही. आई म्हणाली, "हाय की." आणि सांगायला लागली. मोठा पाऊस झाला त्याच्या आदल्या रात्री. शेजारच्या सूनबाईच्या डोहाळजेवणाहून आलो त्या रात्री. शनिवारचा उपास सोडून आडवी झालो त्या रात्री, दोनदा हाक मारली. वटपौर्णिमेच्या आधी, मी गोळी घेतली नव्हती, म्हणून पक्कं आठवतंय. साहेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवून एकेक तारीख लावत होते आणि शेजारचा हवालदार लिहून घेत होता. अकरा रात्री निघाल्या. त्यातल्या सात शनिवारच्या होत्या.